घोंगडं पांघरून ऐकणारे साहेब

डिसेंबर १९७४, बाजाराच्या दिवसाची दुपार. रक्कम चार आणे. हजर माणसं चार: कापूस खरेदी केंद्राचे ग्रेडर, म्हणजे आमचे साहेब, काट्यावरचा बाबू, म्हणजे मी, हमालांचा मुकादम मारोती, आणि फाटकावरचा चौकीदार. पैज अशी होती की साहेबांच्या डोळ्यांवर दुपट्टा बांधायचा, रांगेतल्या तीन बैलबंड्यांमधला मूठमूठ कापूस त्यांच्या हातात द्यायचा आणि कोणता कापूस कोणत्या गावचा हे त्यांनी नुसत्या बोटांनी ओळखायचं.

पहिल्या दोन मुठी साहेबांनी बरोबर सांगितल्या. तिसरी चुकली. देवळीकडचा कापूस त्यांनी नाचणगावचा म्हणून सांगितला. मारोती टाळ्या पिटत ओरडला, "हरले! सायेब हरले!" मला वाटलं, आता यांचा चेहरा उतरणार. साहेबांनी दुपट्टा सोडला, तीच मूठ पुन्हा घेतली, दोन्ही अंगठ्यांच्या मध्ये चार तंतू धरून हळूच ओढले आणि म्हणाले, "देवळीकडची जमीन त काळी. मंग हा एवढा राठ काऊन?"

एवढ्यावर ते थांबले नाहीत. उन्हातून चालत त्या बंडीवाल्याकडे गेले. चौकशीत निघालं की त्याचं ते वावर गावापासून लांब, बरडावर, मुरमाड जमिनीत होतं. साहेब परत आले ते हसतच. मारोतीच्या हातावर चार आणे ठेवून म्हणाले, "सस्त्यात समजलं रे."

मी हिशेबी माणूस. पैज हरल्यावर खूश होणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे जरा लक्ष देऊन पाहू लागलो.

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. मुलंबाळं आहेत, त्यांना आवडेल न आवडेल. मूळचे आष्टीकडचे. तेव्हा पन्नाशीला टेकलेले, उंच, किडकिडीत, चालताना दोन्ही हात शरीरापासून थोडे दूर धरणारे. नुकताच रंग दिलेल्या दारातून जाताना माणूस जसा जपून जातो तसे ते भर रस्त्यातूनही जात.

सरकारने कापसाची खरेदी हातात घेतली त्यानंतरची ती सुरुवातीची वर्षं. मी अल्लीपूरचा, नोकरीसाठी केंद्राच्याच गावी, पुलगावला खोली घेऊन राहिलो होतो. केंद्राचं काम साधं होतं. शेतकऱ्याने बंडी आणून रांगेत लावायची. ग्रेडरने कापसात वर, मध्ये आणि तळाशी हात घालून प्रत ठरवायची: पहिली, दुसरी की तिसरी. मग मी वजन करायचं आणि चिठ्ठी लिहायची. भाव प्रतीप्रमाणे. म्हणजे एका कुटुंबाची वर्षभराची मेहनत त्या एका हाताच्या मिनिटभराच्या कामावर येऊन थांबे. त्यामुळे ग्रेडरला खूश ठेवायला सगळेच टपलेले. कोणी हुरडा आणी, कोणी तुरीच्या शेंगा, कोणी संत्र्यांची पिशवी. साहेब तिरसटपणा न करता म्हणत, "मुकादमाले दे. त्याच्या हातात ग्रेड नाई." मारोती त्या चार महिन्यांत चांगलंच बाळसं धरी.

सीझनमध्ये साहेब कोणाशी हात मिळवत नसत. बोटांना तेल लागतं म्हणून लोणचं खात नसत, आणि वरण-भात चमच्याने खात. मनगटावरचं घड्याळ केंद्रावर येताच काढून खिशात ठेवत. "घड्याळ दिसलं का हात पळते," असं त्यांचं म्हणणं. काही बंड्या झाल्या की उठत, रांजणातल्या गार पाण्याने हात धूत, ते सदऱ्याच्या आत पोटावर ठेवून वाळवत आणि कडुलिंबाखाली डोळे मिटून बसत. कोणी हाक मारली तर डोळे न उघडता सांगत, "थांब. बोट बहिरं झालं आहे."

त्यांना लग्नकार्यात नेणं धोक्याचं होतं. माझ्या मेव्हण्याच्या लग्नात व्याह्यांच्या कोटाची बाही त्यांनी चिमटीत धरली आणि गंभीरपणे सांगितलं, "अर्धं सूत, अर्धं नायलॉन."

व्याही म्हणाले, "अहो, मुंबईहून मागवलाय. अस्सल सुती आहे."

"मुंबईत फसवलं तुम्हाले."

व्याह्यांनी तो कोट पंगतीला बसण्याआधी काढून ठेवला. माझी बायको पुढे आठ दिवस माझ्याशी जेवणापुरतंच बोलली.

बहिऱ्या बोटाचा प्रकार मात्र सगळ्यांना हसण्यावारी नेता येत नव्हता. संक्रांतीच्या आसपास कापूस जोरात येई, रांग केंद्राच्या फाटकातून निघून पार रेल्वे फाटकापर्यंत जाई. एकदा वरचे अधिकारी आले. त्यांनी रांग पाहिली, कडुलिंबाखाली डोळे मिटून बसलेले साहेब पाहिले, आणि आठवडाभर स्वतः खुर्ची टाकून बसले, साहेबांना लिंबाखाली जाऊ दिलं नाही. त्या आठवड्यात बंड्या वाढल्या. पण भांडणंही वाढली. दुसरी दिली ती पहिली हवी, तिसरी दिली ती दुसरी हवी. आणि एका भांडणात चार बंड्यांचा वेळ जाई. मी त्या आणि त्याच्या आधीच्या अशा दोन्ही आठवड्यांचे आकडे समोरासमोर मांडून अधिकाऱ्यांना दाखवले. त्यांनी ते नीट वाचले आणि म्हणाले, "आकडे बरोबर आहेत. पण रांग सगळ्यांना दिसते, भांडण फक्त इथे बसणाऱ्याला दिसतं." त्यांचंही खोटं नव्हतं.

ते गेल्यावर साहेब पुन्हा पहिल्यासारखे लिंबाखाली जाऊन बसले. तेव्हा रांगेतला एक म्हातारा शेतकरी काठी आपटत आला. "तुमचं बोट बहिरं होते सायेब, अन् आमचे बैल चाऱ्यापायी हंबरून राह्यले. ते आयकू येते का तुम्हाले?"

लोक हसले. साहेबांनी डोळे उघडले आणि त्याच्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ते तासभर आधी येऊ लागले. हात धुणं आणि लिंबाखाली बसणं मात्र सोडलं नाही. तो जादा तास त्यांनी स्वतःच्या झोपेतून काढला होता, आणि याबद्दल कोणाला सांगितलंही नाही. चौकीदाराकडून मला कळलं.

माझी त्या दिवसांत वेगळीच गत होती. अंथरुणात पडलो तरी दिवसभराची वजनं डोळ्यांपुढे येत, आणि कुठेतरी बेरीज चुकली असेल म्हणून मी मनात पुन्हा पुन्हा मांडत बसे. हे मी एकदा साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "बाबू, तू काटा घरी घेऊन जाते. म्हून जड होते तुले." सल्ला बरा होता. पण ते स्वतः काय घरी घेऊन जातात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

ते कळलं पुढच्या वर्षी कार्तिकात. माझी सासुरवाडी पुलगावजवळच्या नाचणगावची. तिथल्या देवळात कार्तिक महिनाभर पहाटे काकडा असतो. सासूबाईंच्या आग्रहाने मी आणि बायको एका पहाटे गेलो. भजन सोनबाजीचं होतं.

सोनबाजी नाचणगावचाच शेतकरी. बुटका, काळा, पान खाऊन ओठ लाल झालेले. खंजिरी छातीशी धरून तो गाई. त्याचं गाणं कसं होतं हे मला नीट सांगता येणार नाही, मला गाण्यातलं कळत नाही. एवढं सांगतो की तो कधी ओरडत नसे. सुरुवात इतक्या खालच्या आवाजात करी की मागची माणसं आपोआप पुढे सरकत. आणि उजाडायला लागलं, लोक धोतर सावरत वावराकडे जायला उठले, मागे साथ धरणारे झीलकरी जांभया देऊ लागले, तरी शेवटचं कडवं तो पहिल्या कडव्याइतकंच सावकाश, पूर्ण गाई.

बाहेर पडताना मी पाहिलं, देवळाच्या ओट्याखाली, चपलांच्या ढिगाजवळ, डोक्यावरून घोंगडं घेतलेला एक माणूस भिंतीला टेकून बसला होता. शेजारी सायकल होती. मागच्या चाकाला मडगार्ड नसलेली ती सायकल मी रोज केंद्रावर पाहत असे. घोंगड्यातून एक हात बाहेर आला आणि बोट ओठांवर गेलं.

केंद्रावर साहेबांनी मला बाजूला घेतलं. "बाबू, तू मले पाह्यलं नाई."

"पाह्यलं ना साहेब. चपलांत बसले होते तुम्ही."

"कोणाले सांगू नको."

"काऊन? भजन आयकणं का गुन्हा आहे?"

"सोनबाजीची बंडी येते आपल्या केंद्रावर."

"मंग?"

"मंग काय मंग! आता त्याच्या कापसात हात घातला का मले त्याचा आवाज आठवते. तेवढ्यावर मी निभावून नेतो. उद्या वळख झाली, तो 'या साहेब, बसा साहेब' म्हणाला, त्याच्या घरी चहा झाला, का मंग त्याचं तोंड आठवन. त्याची बायको आठवन, लेकरं आठवन. मंग हात कापसात राहात नाई."

"त कमी द्या एक ग्रेड, भीती वाटत असन त."

"तेबी चूकच झालं ना! तो मले आवडते म्हून जास्तीबी नाई, अन् आवडते म्हून कमीबी नाई. आहे तेवढंच."

मी विचारलं, सीझन संपल्यावर तर भेटायला हरकत नाही? ते म्हणाले, सीझन दरसाल येतो. मग स्वतःच हिशेब मांडला: रिटायर होईपर्यंत थांबायचं, रिटायर झालो की पहिल्या दिवशी सायकल काढायची, त्याच्या अंगणात जाऊन बसायचं आणि सगळं सांगायचं. काय सांगणार, असं मी विचारल्यावर साहेब जरा लाजले. "हेच का तो शेवटचं कडवं सोडत नाई. कोणी आयकत नसलं तरी. मी त्याच्यापासून शिकलो ते. शेवटच्या बंडीत हात तळापर्यंत घालतो मी, अंधार पडून राह्यला तरी."

आमच्याकडे भजनात एक रीत आहे. सप्ताहाच्या काल्याला किंवा मोठ्या कार्यक्रमाला ऐकणारा माणूस खूश झाला की उठून गायकाला रुपया-दोन रुपये भेट देतो, आणि माइकवर त्याचं नाव गावासकट पुकारलं जातं. देणाऱ्याला नाव ऐकून बरं वाटतं, गायकाला कोणाला काय आवडलं ते कळतं. साहेब काल्यालाही जात, मांडवाच्या कनातीबाहेर बसत, आणि कधी एक रुपया देत नसत. नाव पुकारलं गेलं असतं. मी म्हटलं, माझ्या नावावर द्या. ते म्हणाले, "मंग तुले आवडलं असं होईन. तुले त गाण्यातलं काही समजत नाई." खरंच होतं. मला राग आला नाही.

सोनबाजीच्या बाजूने पाहिलं तर चित्र वेगळंच होतं. त्याच्या लेखी हे साहेब म्हणजे कोरडा माणूस. एकदा त्याची बंडी केंद्राच्या फलाटाला लागली होती. साहेबांचा हात कोपरापर्यंत कापसात होता, आणि सोनबाजी बैलांच्या पाठीवर हात ठेवून आपल्याच नादात गुणगुणत होता. साहेब एकदम म्हणाले, "गाणं बंद करा. माल पाहून राह्यलो मी."

सोनबाजीने खंजिरी वाजवल्यासारखी बंडीच्या चाकाच्या लोखंडी धावेवर टिचकी मारली. "गाण्यानं का कापूस ओला होते सायेब?"

सगळा फलाट हसला. मारोती तर पोत्यावर बसूनच हसला. साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्यांनी हात बाहेर काढला, धुतला, पुन्हा घातला आणि दुसरी प्रत लिहायला सांगितली. सोनबाजी जाताना माझ्याजवळ थांबून म्हणाला, "तुमच्या सायबाच्या कानात बी कापूसच हाये वाटते."

बंडी गेल्यावर मी साहेबांना विचारलं, एवढं तोडून बोलायचं काय कारण होतं? ते म्हणाले, "वरचा सूर लावला असता त्यानं त मी पहिली देऊन टाकली असती रे."

असं नऊ वर्षं चाललं. मला हे प्रकरण चमत्कारिक वाटे, आणि खरं सांगायचं तर थोडं फुकटचंही. प्रतीच्या फरकाने सोनबाजीच्या एका बंडीमागे सरकारचं असं किती जाणार होतं? मी कागदावर मांडून पाहिलं होतं. आकडा अगदी किरकोळ होता. तो साहेबांना दाखवण्यात अर्थ नाही हे मला माहीत होतं. त्यांच्या हिशेबात सोनबाजीच्या बंडीमागे उभी असलेली बंडीही धरलेली होती.

१९८३ साली साहेबांचा शेवटचा सीझन होता. उन्हाळ्यात ते रिटायर होणार होते. त्याच हिवाळ्यात सोनबाजीचा आवाज बसला. आधी लोकांना वाटलं सर्दी. मग वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं, आणि तिथून घरी आणलं तेव्हा गावाला काय ते कळलं. गळ्यातच दुखणं होतं. सासुरवाडीहून मला बातमी मिळाली, मी साहेबांना सांगितली. ते म्हणाले, "त्याचा माल किती यायचा आहे अजून?"

मी वही न पाहता सांगू शकत होतो. "शेवटची वेचणी. एक बंडी."

"एकच?"

"एकच. तुम्ही आजच जा साहेब. काय राह्यलं आता?"

"एक बंडी राह्यली ना." ते उठून रांजणाकडे गेले. हात धुवायची वेळ झाली नव्हती तरी धुतले. "ती आली का त्याच दिवशी जातो. सायकल फाटकाशीच लावून ठेवतो."

खरोखरच त्यांनी सायकल फाटकाशी लावायला सुरुवात केली. रोज सकाळी चौकीदाराला विचारत, नाचणगावच्या बंड्या किती. होळी जवळ आली होती, सणाआधी पैसे हातात यावेत म्हणून सगळ्यांची घाई, रांग पुन्हा रेल्वे फाटकापर्यंत गेली होती. एका सकाळी मारोती धावत आला. "सायेब, सोनबाजीची बंडी लागली. लय मांगं हाये. पोरगा हाये संगं."

मी आणि मारोती दोघंही साहेबांच्या तोंडाकडे पाहू लागलो. बंडी पुढे बोलावून घेणं दोन मिनिटांचं काम होतं. मारोती म्हणालाच, "आनू का पुढं? घरी मानूस आजारी हाये म्हनू. कोनी काही म्हननार नाई."

"रांगेत किती जणाच्या घरी आजारी माणूस आहे, विचारलं का तू?"

"नाई."

"मंग राहू दे."

मी चिडलो. इतक्या वर्षांत त्यांच्यावर पहिल्यांदाच आवाज चढवला. "साहेब, हा हट्ट आहे तुमचा. तो माणूस चालला आहे. तुम्ही बंडी पाहायच्या आधी जाऊन या, नाहीतर बंडी पुढे घ्या. दोन्हीपैकी एक करा."

"आधी गेलो त हात कसा घालू तिच्यात?" ते शांतपणे म्हणाले. पण शांत नव्हते. त्या दिवशी ते कडुलिंबाखाली बसले नाहीत. घड्याळ खिशातून काढून दोनदा पाहिलं. इतकी वर्षं मी त्यांना असं करताना पाहिलं नव्हतं. बंड्या भराभर होऊ लागल्या, आणि मग एका बंडीत त्यांनी हात घातला तो तसाच ठेवून ते थांबले. "पळून राह्यला हात," असं पुटपुटले. घड्याळ मारोतीकडे ठेवायला दिलं आणि रांजणाकडे गेले. पुन्हा पहिल्यासारखं सावकाश. संध्याकाळी रांगेत सोनबाजीची बंडी पुढे सरकली होती, पण फलाटापर्यंत आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला ती फलाटाला लागली. बैलांच्या पुढे सोनबाजीचा मुलगा नव्हता. शेजारचा शेतकरी होता. त्याने बैल थांबवले, डोक्यावरचा दुपट्टा काढून हातात घेतला. "पोराले पहाटे बोलावनं आलं, तो घरी गेला. सोनबाजी गेले. माल तेवढा मोजून घ्या."

साहेबांनी ऐकलं. बंडीकडे पाहिलं. रांजणाशी जाऊन हात धुतले, पोटावर वाळवले. परत येऊन वर हात घातला, मध्ये घातला, खांद्यापर्यंत वाकून तळाशी घातला. कापूस काढून उन्हात धरला. मलाही दिसत होतं. दवात वेचलेला होता, किडकी, पिवळी पडलेली बोंडं सगळी मिसळलेली. घरात आजारपण असताना वेचणीकडे कोण पाहणार?

साहेबांनी प्रत सांगितली नाही. ती मूठ घेऊन मागच्या बंडीपाशी गेले, तिथल्या अनोळखी शेतकऱ्याला म्हणाले, "तुम्ही सांगा. मले आज माझ्या हाताचा भरोसा नाई."

त्या माणसाने कापूस चिमटीत घेतला, दाबला, वास घेतला. "तिसरीच हाये सायेब. जास्त कुठून होते?"

"बाबू, तिसरी लिही," साहेब मला म्हणाले.

तो शेजारचा शेतकरी भडकला. "अरे, मेलेल्या मानसाच्या मालाले तरी! आज त त्याले पोचवाचं हाये!"

मी वजन केलं, चिठ्ठी लिहिली. बंडी रिकामी होऊन गेली. मी म्हटलं, "आता तरी जा. सायकल तिथंच आहे." त्यांनी रांगेकडे पाहिलं. मागे बंड्याच बंड्या. त्या केंद्रावर दुसरा ग्रेडर नव्हता. ते गेले नाहीत. दिवस मावळेपर्यंत एकेका बंडीत तळापर्यंत हात घालत राहिले. दुपारी नाचणगावच्या वाटेने अंत्ययात्रा निघाली असेल तेव्हा ते कोणाच्या तरी पऱ्हाटीचा तंतू दोन अंगठ्यांत धरून ओढत होते.

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. आता मी स्वतः त्या वयाचा आहे, घर आहे, मुलं कामाला लागली आहेत, आणि कामाचा ताण म्हणजे काय, कोणत्या गोष्टीला किती किंमत द्यायची, असले प्रश्न माझ्यापुढेही येतात. साहेब बरोबर होते असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. चूक होते असंही म्हणता येत नाही. त्यांनी आपल्या आवडीच्या माणसापासून स्वतःला नऊ वर्षं तोडून ठेवलं, आणि ते कशासाठी, हे ज्यांच्यासाठी ठेवलं त्या रांगेतल्या माणसांना कधी कळलंही नाही. मी बेरीज केली की एका बाजूला काहीतरी उरतंच.

तेरवीच्या दिवशी सोनबाजीच्या अंगणात त्याच्या मंडळाने भजन ठेवलं. साहेबांनी मला बरोबर घेतलं. घोंगडं आणलं नव्हतं. वाटेत मी विचारलं, "भेट देणार का?"

"देतो ना."

"एक्कावन?"

"पाच. सगळे पाच देते. एक्कावन देल्ले त लोक म्हणतीन, कापसाची भरपाई करून राह्यला."

अंगणात मांडव होता. पाटावर सोनबाजीची खंजिरी, तिला हार. साहेब थेट पहिल्या ओळीत जाऊन मांडी घालून बसले. लोकांनी पाहिलं, एकमेकांना कोपरखळ्या दिल्या. सोनबाजीच्या जागी त्याचा जुना झीलकरी गात होता. आवाज साधाच होता. शेवटचं कडवं त्याने अर्ध्यावर सोडलं. साहेबांनी मान खाली घातली.

मग लोक एकेक उठून पाटापाशी जाऊ लागले. साहेबही उठले. माइकवाल्याने नाव विचारलं. त्यांनी स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव, आष्टीजवळचं गाव आणि "कापूस केंद्राचा ग्रेडर" असं सगळं सांगितलं, आणि ते सगळं भोंग्यातून गावभर गेलं. मागून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "कापसात कापलं, अन् भजनात वाटून राह्यला!" दोघं-तिघं हसले.

सोनबाजीची बायको खांबापाशी बसली होती. तिने हात वर करून हसणाऱ्यांना गप्प केलं. "सायेब, कापसाचं मनाले लागलं असन त राहू द्या ते. ओलाच होता. पोरानं सांगतलं मले."

"कापसाचे नाई बाई. कापूस तिसराच होता." साहेबांच्या हातात नोट तशीच होती. "हे गाण्याचे आहे. नऊ वर्षं आयकलं मी तुमच्या मालकाचं गाणं. देवळाच्या बाहेर बसून. एकदाबी देल्ले नाई."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. "बाहेर? चपलांपाशी घोंगडं घेऊन बसत ते तुम्ही?"

"हो."

"आत काऊन नाई आले? आत जागा होती ना."

साहेबांनी दोन्ही हातांनी नोट पुढे केली. पाच रुपयांची होती. तिने ती खंजिरीवर ठेवू दिली नाही, स्वतःच्या हातात घेतली, कपाळाला लावली आणि पदराच्या गाठीत बांधली.